ऑपरेशन रॅकून सिटी: विंडोज फॉरमॅट केलं की पुन्हा उगवणारी ‘एक्सलाइव्ह’ची अडचण

खेळ सुरू करायला जावं तर एक छोटी चौकट उघडते: कॉम्प्युटरवर एक्सलाइव्ह डॉट डीएलएल ही फाइल नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. कधी चौकटही उघडत नाही. स्टीमवर खेळ चालू असल्याची खूण दिसते आणि काही क्षणांत विझते. कधी मेनूपर्यंत सगळं सुरळीत जातं, पण खेळलेलं सेव्ह होत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं मिशन समोर येतं.

‘रेसिडेंट ईव्हिल: ऑपरेशन रॅकून सिटी’ पीसीवर खेळणाऱ्यांच्या या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. ते ना तुमच्या ग्राफिक्स कार्डात आहे, ना रॅममध्ये. म्हणून ड्रायव्हर बदलत बसण्याआधी किंवा पुन्हा सगळा खेळ डाउनलोड करण्याआधी हे वाचा. त्या दोन्ही गोष्टींनी ही अडचण सुटत नाही आणि संध्याकाळ मात्र जाते.

मूळ कुठे आहे

हा खेळ मार्च २०१२ मध्ये पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला आणि १८ मे २०१२ रोजी पीसीवर. कॅपकॉमसाठी तो बनवला व्हँकुव्हरच्या स्लँट सिक्स गेम्स या स्टुडिओने. सोकॉम मालिकेतले खेळ बनवलेली ही मंडळी, त्यामुळे रेसिडेंट ईव्हिलच्या मुख्य मालिकेतली सावकाश, गोळ्या मोजत पुढे सरकण्याची भीती इथे कमी आहे आणि चौघांच्या तुकडीने केलेली धुमश्चक्री जास्त. १९९८ चं रॅकून सिटी, आणि आपण विषाणू बनवणाऱ्या अंब्रेला कंपनीच्या बाजूने. पुरावे नष्ट करायला आलेल्या वुल्फपॅक तुकडीतले आपण एक.

त्या वर्षांत पीसीवरच्या बऱ्याच खेळांना मायक्रोसॉफ्टची ‘गेम्स फॉर विंडोज लाइव्ह’ ही सेवा जोडलेली असे. एक्सबॉक्सवरच्यासारखं लॉगिन, मित्रांची यादी, अचीव्हमेंट्स, सेव्ह फाइलवरचं कुलूप, सगळं या सेवेकडे. ऑपरेशन रॅकून सिटी सुरू होताना विंडोजकडे सगळ्यात आधी मागतो ती याच सेवेची फाइल, म्हणजे एक्सलाइव्ह. ती मिळाली नाही तर खेळाची स्वतःची पहिली ओळसुद्धा चालत नाही.

मायक्रोसॉफ्टने या सेवेचं खरेदीचं दुकान २२ ऑगस्ट २०१३ रोजी बंद केलं. लॉगिन त्यानंतरही चालत राहिलं, पण सेवेची देखभाल थांबली. ज्या कंपन्यांना आपल्या जुन्या खेळांची काळजी होती त्यांनी ही सेवा काढून टाकली. बायोशॉक २ आणि बॅटमॅनचे अर्कम खेळ त्यातून लवकर सुटले, डार्क सोल्स २०१४ च्या अखेरीस सुटला. जीटीए ४ ची गोष्ट तर फार बोलकी आहे: जानेवारी २०२० मध्ये तो स्टीमवरून विक्रीतून गायब झाला, कारण या सेवेला लागणाऱ्या नव्या की, म्हणजे खेळ चालू करायचे कोड, तयारच करता येत नव्हत्या. रॉकस्टारने ही सेवा काढून टाकलेली आवृत्ती आणली, तेव्हा तो परत विक्रीला आला. फॉलआउट ३ मधून ती २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निघाली. कॅपकॉमनेही रेसिडेंट ईव्हिल ५ स्टीमच्या यंत्रणेवर नेला. ऑपरेशन रॅकून सिटीच्या वाट्याला मात्र ते आलं नाही, आणि तो बनवणारा स्लँट सिक्स स्टुडिओ २०१३ मध्येच बंद पडला. सिनेमागृह उभं आहे, पडदा ठीक आहे, रीळही शाबूत आहे, पण दारावर तिकीट तपासणारा नोकरी सोडून गेलाय आणि त्याच्याशिवाय आत सोडायचं नाही असा नियम तसाच आहे. आपल्याला करायचंय ते एवढंच की त्या दाराची व्यवस्था आपल्या हाताने लावायची.

ही अडचण पुन्हा पुन्हा का येते

एक्सलाइव्हची फाइल खेळाच्या फोल्डरमध्ये नसते. ती असते विंडोजच्या पोटात. सी ड्राइव्हवर विंडोज, आणि त्यात सिसवॉव६४ हा फोल्डर. आपल्याकडे बहुतेक जण खेळ डी ड्राइव्हवर ठेवतात. विंडोज बिघडलं की दुकानदार फक्त सी फॉरमॅट करून देतो, डीवरचं सगळं जसंच्या तसं राहतं, आणि आपण खूश असतो की एवढं मोठं डाउनलोड वाचलं. पण सीबरोबर एक्सलाइव्हही पुसली गेलेली असते.

स्टीम एखादा खेळ पहिल्यांदा सुरू करताना त्याला लागणारे जोडप्रोग्रॅम बसवायचा प्रयत्न करतं. इथे तो प्रयत्न फसतो, कारण गेम्स फॉर विंडोज लाइव्हचा छोटा इन्स्टॉलर स्वतःजवळ काहीच बाळगत नाही. तो इंटरनेटवरून बाकीचे भाग आणायला जातो आणि जिथून आणायचे तिथे आता काही सापडत नाही. प्रगतीची पट्टी थोडी सरकते, अडकते, चूक झाल्याचा संदेश देऊन बंद होते. काही वेळा तर मागच्या मागे गपचूप बंद होते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

स्टीममधलं ‘व्हेरिफाय’ केल्यावर सगळ्या फाइली बरोबर आहेत असं उत्तर येतं, त्याचंही कारण हेच. स्टीम फक्त खेळाच्या फोल्डरमध्ये पाहतं, आणि तिथे खरोखरच सगळं बरोबर असतं.

आधी खात्री करून घ्या

चौकटीत एक्सलाइव्हचं नाव स्पष्ट दिसत असेल तर हा भाग सोडून पुढे जा. खेळ काहीच न बोलता बंद होत असेल तर मात्र अंदाज बांधू नका, विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्यात ‘ॲप्लिकेशन’ उघडा. खेळ बंद पडला त्या वेळेची लाल खुणेची नोंद पाहा, क्रमांक १००० ची. त्यात ‘फॉल्टिंग मोड्यूल नेम’ अशी ओळ असते. तिथे एक्सलाइव्ह असेल तर निदान झालं. तिथे ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची फाइल असेल, एनव्ही किंवा एएमडी अशा अक्षरांनी सुरू होणारी, तर तुमची अडचण वेगळी आहे आणि ड्रायव्हर नव्याने बसवणं हाच मार्ग. हे पाहायला दोन मिनिटं लागतात. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग चुकीच्या ठिकाणी औषध लावत राहतात.

त्याच काळातल्या खेळांना डायरेक्टएक्स ९ चे जुने भागही लागतात. चौकटीत ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणारं नाव आलं तर मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स पॅकेज बसवा. विंडोज १० किंवा ११ मधलं नवं डायरेक्टएक्स असलं तरी हे जुने भाग त्यात आपोआप येत नाहीत.

एक्सलाइव्ह बसवणं

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. फाइलचं नाव शोधलं की पहिल्या पानावर ‘डीएलएल मोफत डाउनलोड’वाल्या साइट येतात. तिथून काहीही घेऊ नका. सुटी डीएलएल कोणी, कधी, काय मिसळून ठेवली आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नसतो, आणि आपण तीच फाइल ॲडमिनच्या हक्काने विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकत असतो. शिवाय ती टाकून उपयोगही होत नाही, कारण एक्सलाइव्ह एकटी काम करत नाही. तिच्याबरोबर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, नोंदी लागतात आणि लॉगिनचे इतर भागही लागतात. बरेच जण ती सिस्टम३२ मध्ये टाकतात आणि तरी तोच संदेश येतो म्हणून चक्रावतात. खेळ ३२ बिटचा आहे, आणि ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये राहतात. नावं उलटी वाटतात, पण रचना अशीच आहे.

तुम्हाला हवं आहे ते पूर्ण, ऑफलाइन पॅकेज. त्याचे दोन भाग: ‘एक्सलाइव्हरेडिस्ट’ नावाचा एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) आणि ‘जीएफडब्ल्यूएलक्लायंट’ नावाचा एमएसआय. पहिल्यात खेळाला लागणारी खरी यंत्रणा आहे, दुसऱ्यात सेवेचा बाहेरचा प्रोग्रॅम. फाइली कुठूनही मिळवल्यात, अगदी ओळखीच्या माणसाच्या पेनड्राइव्हवरून, तरी बसवण्याआधी त्यांच्यावर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग पाहा. तिथे मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशनची सही असली पाहिजे आणि तिचे तपशील उघडल्यावर सही वैध असल्याचं लिहिलेलं असलं पाहिजे. सहीचा भागच दिसत नसेल तर ती फाइल पुसून टाका. या एका तपासणीमुळे फाइल कुठून आली हा प्रश्न बराचसा मागे पडतो.

आता क्रम. आधी ‘ॲप्स’च्या यादीत गेम्स फॉर विंडोज लाइव्हच्या नावाने जे अर्धवट बसलेलं असेल ते सगळं काढा. मशीन रीस्टार्ट करा. मग रेडिस्ट बसवा, मग क्लायंट. पुन्हा रीस्टार्ट करा. सिसवॉव६४ मध्ये जाऊन एक्सलाइव्ह फाइल आली आहे का पाहा. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती ३.५ ने सुरू व्हायला हवी. तिसरा भाग लॉगिनसाठी लागतो: ‘विंडोज लाइव्ह आयडी साइन-इन असिस्टंट’. ऑनलाइन खात्याने आत जायचं नसेल तर त्याच्यावाचून अडत नाही, पण बसवून ठेवला तर बिघडतही नाही.

खेळाच्या आयकॉनवर ‘विंडोज एक्सपी कम्पॅटिबिलिटी’ वगैरे काही लावून ठेवलं असेल तर ते काढा. जुना खेळ म्हणजे जुनी कम्पॅटिबिलिटी, असा सल्ला सर्रास मिळतो. इथे खेळाला हवी आहे ती एक सेवा. विंडोजचा जुनेपणा लावून ती मिळत नाही, उलट पुढे काही अडलं की कारण शोधणं अवघड होतं.

होम बटण आणि लोकल प्रोफाइल

खेळ सुरू झाला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं सेव्हचं, आणि खरं सांगायचं तर लोक सर्वांत जास्त इथेच हरतात.

या सेवेत प्रोफाइल उघडल्याशिवाय प्रगती सेव्ह होत नाही. खेळ तसा इशारा देतो, पण आपण घाईत ‘ओके’ दाबून पुढे जातो. प्रोफाइल बनवायला कीबोर्डवरचं होम बटण दाबायचं, मग लाइव्हची निळसर पट्टी उघडते. लहान लॅपटॉपवर होम बटण वेगळं नसतं. बऱ्याच मशीनवर ते एफएन आणि डावा बाण एकत्र दाबून मिळतं. एक्सबॉक्सचा कंट्रोलर असेल तर मधलं गोल बटणही तेच काम करतं, पण विंडोज १० आणि ११ मध्ये ते बटण विंडोजचा गेम बार पळवतो. सेटिंग्जच्या ‘गेमिंग’मध्ये जाऊन ती सवय बंद करा. पट्टी तरीही उघडत नसेल तर स्टीमचा ओव्हरले आणि इतर कुठल्या चॅट प्रोग्रॅमचा ओव्हरले तात्पुरता बंद करून पाहा. एकाच पडद्यावर तिघांनी आपापली पट्टी लावायचा प्रयत्न केला की जुनी यंत्रणा आधी माघार घेते.

पट्टी उघडली की ‘क्रिएट प्रोफाइल’ निवडा. समोर येणारा मजकूर ऑनलाइन खातं बनवण्याबद्दल असतो आणि तो संपला असं वाटतं. संपलेला नसतो. तो खाली सरकवा. अगदी तळाशी, साध्या ओळीत, ‘लोकल प्रोफाइल’ बनवण्याची लिंक दडलेली असते. ती वापरली की इंटरनेट नाही, पासवर्ड नाही, फक्त एक नाव द्यायचं. एकट्याने खेळायचं असेल तर माझा स्पष्ट सल्ला हाच आहे की ऑनलाइन खात्याच्या फंदात पडूच नका. ज्या सेवेची देखभाल थांबली आहे तिच्या भरवशावर आपली सगळी मिशन्स कशाला टांगून ठेवायची?

एकदा जे प्रोफाइल निवडाल ते कायम ठेवा. सेव्ह फाइल त्या प्रोफाइलच्या नावाने कुलूपबंद होते. आज लोकल, उद्या ऑनलाइन, परवा पुन्हा लोकल असं केलं की सेव्ह गेले असं वाटतं. प्रत्यक्षात ते दुसऱ्या प्रोफाइलच्या नावावर पडून असतात.

प्रोफाइल आहे, तरी सेव्ह होत नाही

हे कमी वेळा घडतं, पण घडतं तेव्हा कारण बहुधा विंडोजच्या बाजूला असतं. विंडोज सिक्युरिटीमधल्या ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू असेल तर अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये लिहायला मनाई होते. खेळाची मुख्य फाइल तिथल्या परवानगीच्या यादीत घाला. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्या ताब्यात घेतला असेल तर तेही एकदा तपासा. फोल्डरची जागा बदललेली असते आणि जुना खेळ नेहमीच्या जागी जाऊन दार ठोठावत राहतो.

आणि एक खास आपल्यासाठी. विंडोजचं खातं देवनागरीत नाव लिहून बनवलं असेल, तर सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’मधल्या फोल्डरचं नावही देवनागरीत होऊ शकतं. आजच्या प्रोग्रॅमना त्याचं काही वाटत नाही. २०१० च्या आसपासचे कित्येक खेळ मात्र अशा नावाच्या वाटेवर अडखळतात. इतर सगळं तपासून झालं असेल आणि तुमचं खातं असं असेल, तर रोमन अक्षरांत नाव असलेलं दुसरं स्थानिक खातं बनवा आणि त्यातून खेळ चालवून पाहा. आपली लिपी सोडा असं मी कोणाला सांगणार नाही, म्हणूनच हे फक्त खेळापुरतं वेगळं खातं.

लाइव्हच्या स्वतःच्या नोंदी बिघडल्यामुळेही सेव्ह अडतं. त्या नोंदी असतात तुमच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये, ‘लोकल’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, मग ‘एक्सलाइव्ह’ या वाटेवर. हा फोल्डर पुसा असा सल्ला सगळीकडे मिळतो. पुसल्यावर लाइव्ह नवा बनवतो आणि अडचण बऱ्याचदा जातेही. पण याच फोल्डरमधल्या ‘कंटेंट’मध्ये तुमचं प्रोफाइल राहतं, आणि प्रोफाइल गेलं की जुने सेव्ह उघडत नाहीत. म्हणून पुसू नका, नाव बदला. जमलं तर ठीक, नाही जमलं तर जुनं नाव परत देऊन होतं तिथे येता येतं.

ऑनलाइन लॉगिन अडतं तेव्हा

चौघांनी मिळून खेळायचं असेल तर लोकल प्रोफाइल पुरत नाही. आणि हा खेळ चौघांनीच खेळायचा आहे, यावर माझं मत ठाम आहे. कॉम्प्युटरने चालवलेले साथीदार फार उपयोगाचे नाहीत. त्यांच्या भरवशावर खेळलं तर खेळच वाईट वाटतो, आणि त्याला मिळालेल्या कडक परीक्षणांचं एक मोठं कारण तेच असावं. माणसं बरोबर असली की चित्र बदलतं. झोम्बी एका बाजूने, अमेरिकन सरकारचे सैनिक दुसऱ्या बाजूने. तुमच्या अंगातून रक्त वाहू लागलं की झोम्बी तुमच्याकडे वळतात, आणि समोरच्या सैनिकाला जखमी केलं की तोच कळप त्याच्यावर तुटून पडतो. एखाद्या साथीदाराला संसर्ग झाला आणि वेळेत अँटिव्हायरल स्प्रे मिळाला नाही तर तो स्वतःच झोम्बी होऊन आपल्यावर चालून येतो. जवळ एकच स्प्रे असताना तो कोणी वापरायचा यावरून होणारी आरडाओरड मुख्य मालिकेतल्या कुठल्याही खेळात मिळणार नाही. यासाठी लॉगिनची खटपट करण्यात अर्थ आहे.

लॉगिनच्या वेळी ८०१५ने सुरू होणारा कोड आला तर समजा की फाइली जागेवर आहेत, पण सेवेशी बोलणं जमलेलं नाही. सर्वांत आधी घड्याळ पाहा. मशीनची वेळ खऱ्या वेळेपासून दूर गेली तर ही यंत्रणा तुम्हाला आत घेत नाही. एकाच मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही ठेवणाऱ्यांच्या बाबतीत हे हमखास होतं: लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितो, विंडोज तीच स्थानिक समजतो, आणि भारतात बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. सेटिंग्जमध्ये जाऊन वेळ ‘सिंक’ करा आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

घड्याळ बरोबर असेल तर पासवर्ड. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर दोन पायऱ्यांची पडताळणी चालू असेल, आणि ती असायलाच हवी, तर मोबाइलवर आलेला कोड टाकायला या जुन्या खिडकीत जागाच नाही. बरोबर पासवर्ड टाकूनही ती चूक म्हणते. पडताळणी बंद करू नका. खात्याच्या सुरक्षा पानावर ‘ॲप पासवर्ड’ तयार करता येतो, जुन्या यंत्रणांसाठीच ती सोय आहे. तो पासवर्ड इथे टाका. तेही चालत नसेल तर मघाशी सांगितलेला साइन-इन असिस्टंट बसवला आहे ना ते पाहा.

खेळाने की मागितली तर ती स्टीममध्येच आहे. लायब्ररीत खेळावर राइट क्लिक करा, ‘मॅनेज’मधून ‘सीडी कीज’ उघडा. पाच-पाचच्या पाच गटांत २५ अक्षरं असतात. हाताने लिहून घेत असाल तर बी आणि ८, जी आणि ६ यांच्याकडे लक्ष द्या.

आत गेल्यावर मित्र दिसतात पण एकत्र खेळायची खोली (लॉबी) जुळत नाही, ही शेवटची अडचण, आणि तिचं कारण बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्याकडे असतं. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांत कित्येक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. अशा जोडणीवर बाहेरून कोणी थेट तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. राउटरवर यूडीपी ३०७४ आणि ८८ हे पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही, कारण खरं दार तुमच्या घरात नाहीच. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पोर्ट उघडून फायदा आहे. वेगळे असतील तर पोर्टांमागे लागू नका. चौघांपैकी ज्याचे दोन्ही पत्ते जुळतात त्याने खोली उघडायची, बाकीच्यांनी त्यात शिरायचं. पुण्यातला एक, कोल्हापुरातला एक आणि परदेशात गेलेला एक अशी टोळी असेल तर बहुधा त्या तिसऱ्याकडे असा पत्ता असण्याची शक्यता जास्त, तेव्हा पहिली खोली त्यालाच उघडायला सांगा.

एक्सलाइव्हच्या पर्यायी फाइली

या सेवेची सोंगं घेणाऱ्या पर्यायी एक्सलाइव्ह फाइली हौशी लोकांनी बनवल्या आहेत. विंडोज कुठलीही डीएलएल शोधताना आधी खेळाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये पाहतं, त्यामुळे पर्यायी फाइल तिथे ठेवली की खरी सेवा बाजूला राहते. काही खेळांसाठी हा मार्ग उत्तम चालतो. माझ्या मते तो शेवटचा आहे, आणि कारणं साधी आहेत: ऑनलाइन खेळणं जातं, आधी केलेले कुलूपबंद सेव्ह वाचता येतील याचा भरवसा नाही, आणि अँटिव्हायरस अशा फाइलीला पकडतो तेव्हा तो खोटा बोलतोय की खरा हे ठरवणं सामान्य माणसाला अवघड आहे. जायचंच असेल तर ज्याचा मूळ कोड सगळ्यांना वाचता येतो अशाच प्रकल्पाची फाइल घ्या, आणि ती फक्त खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवा, विंडोजच्या फोल्डरमध्ये कधीच नाही. नको झाली की पुसली, मूळ यंत्रणा जागेवरच असते.

पुढच्या फॉरमॅटच्या आधी

डी ड्राइव्हवर खेळाच्या शेजारी एक फोल्डर बनवा. त्यात रेडिस्टचा एमएसआय, क्लायंटचा एमएसआय, साइन-इन असिस्टंट आणि जून २०१० चं डायरेक्टएक्स पॅकेज ठेवा. ॲपडेटामधल्या एक्सलाइव्ह फोल्डरची आणि खेळाच्या सेव्ह फोल्डरची कॉपी एकाच दिवशी, एकत्र घ्या. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या कॉपी एकमेकींना ओळखतीलच असं नाही. स्टीममधली की एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून तिथेच ठेवा. प्रोफाइलचं नाव आणि ते लोकल की ऑनलाइन, हेही त्याच फाइलमध्ये लिहा.

मशीन दुकानात देताना सी फॉरमॅट करायचा आहे आणि डीला हात लावायचा नाही, हे तोंडी सांगाच, पण या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवून मगच मशीन द्या. परत आल्यावर स्टीम उघडण्याच्या आधी चारही पॅकेज बसवा, मग एक्सलाइव्हचा आणि सेव्हचा फोल्डर आपापल्या जागी ठेवा, आणि सगळ्यात शेवटी खेळ सुरू करा. हा क्रम उलटा झाला आणि खेळ आधी उघडला, तर लाइव्ह रिकामं नवं फोल्डर बनवून बसतो. तसं झालं तर खेळ बंद करा, नव्या फोल्डरचं नाव बदला आणि जुना तिथे ठेवून पुन्हा उघडा.